चोरीची खिडकी आणि स्वदेशीचा संकल्प

तानसेच्या काठावरील अकलोलीची उष्ण पाण्याची कुंडे ठाणे-मुंबईकरांना सुपरिचित आहेत. तेथून जवळच वज्रेश्वरीचे मंदिर आहे. वसई फिरंग्यांच्या तावडीतून सुटावी म्हणून चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९च्या विजयानंतर मंदिर उभारून तो फेडला गेला, असे परंपरा सांगते.

याच परिसरातील एखाद्या भक्तनिवासाचे, शाळेचे वा पतसंस्थेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. भिंतीवर शिवछत्रपतींची प्रतिमा, बोलण्यात स्वदेशीचा आग्रह. आणि टेबलावरील संगणकात? बहुधा कोणीतरी फुकट भरून दिलेली चोरीची विंडोज! परकीय साबणावर बहिष्कार घालणारे हात परकीय प्रणाली मात्र चोरून वापरतात. हा स्वदेशीचा कोणता प्रकार? चोरी आणि परावलंबन ही दोन्ही पातके एकाच यंत्रात नांदतात, आणि त्यांची खंतही कोणाला वाटत नाही.

परावलंबनाची किंमत काय असते, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध लादताच गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनी भारतात नोंदलेली, शुल्क भरलेले, भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही. तरीही तिला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण कळ कोणाच्या हाती आहे, हे जगाला कळले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका परकीय निर्णयाने 'जुने' ठरले.

लिनक्स तरी कुठे भारतीय आहे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. तिचा जनक लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडचा, हे खरेच. परंतु स्वदेशीचा अर्थ जन्मस्थानापुरता नसून स्वामित्वाचा आहे. लिनक्सची संहिता खुली आहे. ती वाचता येते, बदलता येते, वाटता येते. म्हणूनच सी-डॅकला तिच्यावर 'बॉस' ही प्रणाली उभारता आली आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया'चा मार्ग धरला. ज्या केरळच्या राजकारणाशी तीव्र मतभेद आहेत, त्या केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली कित्येक वर्षांपूर्वीच स्वीकारली. मग महाराष्ट्राने मागे का राहावे?

यावर ठरलेले उत्तर येते: "आमचा हिशेबाचा जुना प्रोग्राम लिनक्सवर चालत नाही." खरी परीक्षा येथेच आहे. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक 'वाइन' नावाची व्यवस्था घडवीत आहेत. नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. विंडोजच्या प्रोग्रामची मागणी लिनक्सला समजेल अशा भाषेत पोहोचविणारा हा दुभाषा आहे. दुभाषा कधी अडखळतो. म्हणून त्याला हाकलून द्यायचे नसते, तो कोठे अडला हे पाहायचे असते.

त्याची रीत साधी आहे. प्रथम सर्व नोंदींची स्वतंत्र प्रत काढावी. प्रोग्राम चित्रावर टिचकी मारून नव्हे, तर टर्मिनलमधून सुरू करावा. म्हणजे तक्रार अक्षरांत उमटते. 'फिक्समी'च्या ओळी बहुतेक वेळा दुर्लक्षिता येतात; 'एरर'च्या ओळी मात्र नीट वाचाव्यात. एखादी डीएलएल फाइल सापडत नसेल, तर तिचे नाव तेथेच दिसते आणि 'वाइनट्रिक्स'च्या साहाय्याने बहुधा ती बसविता येते. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र 'प्रिफिक्स', म्हणजे वेगळे घर द्यावे. एकाची दुरुस्ती करताना दुसरा बिघडत नाही. जुने प्रोग्राम बहुधा ३२ बिटचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. डोंगल लावून चालणारा प्रोग्राम वाइनमध्ये बहुधा हटून बसतो. तेथे आभासी यंत्रात रीतसर परवान्याची विंडोज ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग.

मराठीची अडचण तर बव्हंशी स्वनिर्मित आहे. १९९१ मध्येच युनिकोडने देवनागरीला स्थान दिले. तरी आजही इतिवृत्ते आणि पत्रके जुन्या, परस्परांना न कळणाऱ्या फॉन्टांत कोंडलेली आहेत. फॉन्ट हरवला की मायबोलीतला मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. तो वेळीच युनिकोडमध्ये आणणे हे ग्रंथ जतन करण्याइतकेच पवित्र कार्य आहे.

वसईचा तट घोषणांनी कोसळला नाही. मोर्चे बांधावे लागले, सुरुंग पेरावे लागले. प्रत्येक शाखेतील दोन तरुणांनी ही विद्या आत्मसात करावी आणि गावातील एक संगणक चोरीतून मुक्त करावा. पहिली 'एरर' दिसताच माघार घेणाऱ्यांनी चिमाजी अप्पांचे नाव घेऊ नये.