सेवेत खंड, पासातही खंड

फुटबॉलच्या पासावर लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या गटातली एक जण म्हणाली, “अगं, रेशनकार्डाचे प्रश्न संपले का आपले? आणि कोल्हापूर सोडलं तर आपल्याकडे फुटबॉल बघतं कोण?” तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. पण बाईच्या करमणुकीचा विषय नेहमी यादीत शेवटी का, हाही आपलाच प्रश्न आहे ना?

निमित्त माझ्या मामेबहिणीचं. ती इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिथल्या एका क्लबचा सीझन पास तिनं काही वर्षं प्रतीक्षायादीत काढून मिळवला. प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले १९ घरच्या मैदानावर. पास म्हणजे या १९ सामन्यांसाठी आपल्या नावानं राखलेली एक खुर्ची. बाळंतपणाच्या वर्षी ती जेमतेम पाच सामन्यांना जाऊ शकली. क्लबचं पत्र आलं: खुर्ची वारंवार रिकामी राहते, पुढच्या वर्षी पास मिळेलच असं नाही. फोनवर म्हणाली, “ताई, पैसे तर मी पूर्ण भरले होते गं.”

अशी हजेरीची अट आता काही क्लबांनी घातली आहे. अटीमागचं कारण खोटं नाही. बाहेर हजारो लोक रांगेत असताना खुर्च्या रिकाम्या राहतात, काही पास काळ्या बाजारात फिरतात. पण न मोडलेली हजेरी म्हणजेच निष्ठा, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. नोकरीत ‘सेवेत खंड’ पडला की बाईची ज्येष्ठता जाते, तसाच हा प्रकार. खंड कुणाच्या आयुष्यात पडतो? बाळंतपण, सासूचं आजारपण, मुलाची परीक्षा, रात्रपाळी. आणि एकदा पास गेला की पुन्हा रांगेच्या शेपटीला.

भरीस भर टीव्हीची. शनिवारी दुपारचा सामना प्रक्षेपणासाठी रविवारवर किंवा सोमवार रात्रीवर ढकलला जातो. पुरुष जाकीट अडकवून निघतो. तिला मात्र पाळी बदलून घ्यावी लागते, मूल सांभाळायला कुणी शोधावं लागतं.

म्हणून मला वाटतं, पासाला रजा हवी. बाळंतपण, आजारपण किंवा कुणाची शुश्रूषा असेल तर एक वर्ष पास थांबवता यावा, रांगेतला नंबर कायम राहावा आणि त्या वर्षी क्लबनं ती खुर्ची सामन्यागणिक विकावी. क्लबचं यात काय बुडतं? दोन मैत्रिणींना किंवा मायलेकींना एकच पास दोघींच्या नावावर घेता यावा. तारीख क्लबनं किंवा टीव्हीनं बदलली असेल तर ती गैरहजेरी धरूच नये. अर्धा पासही असावा, नऊ-दहा सामन्यांचा.

सवलतींकडेही डोळे उघडे ठेवायला हवेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं सीझन चालू असतानाच सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांची केली; मुलांना आणि वृद्धांना सवलत नाही. ती एकेका सामन्याची तिकिटं होती, पास नव्हेत. पण दोन मुलांना घेऊन जाणाऱ्या आईला एका दुपारचे १९८ पौंड पडणार. अशा वेळी घरातलं कुणाचं जाणं आधी बंद होतं, हे मी आपल्याला काय सांगू?

क्लब ऐकतील का? ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर, ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ, हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. संघ २-० नं पुढे होता. सामना २-२ असा सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. ती लढाई दराची होती. बायकांच्या वेळेची लढाई त्याहून अवघड, कारण तिथं शेजारच्या खुर्चीतल्या भाऊबंदांनाही आधी पटवावं लागेल.

मामेबहीण या महिन्यात प्रेक्षक संघटनेच्या बैठकीला जाणार आहे. निवेदनाचा मसुदा आम्ही दोघींनी फोनवरच केला. तिला अर्ध्या पासाची मागणी वर हवी होती. बऱ्याच वादानंतर पहिली मागणी रजेची ठेवली आहे.