बोटावरील आंकडा आणि अंगांतील रक्त

इ. स. २०२० च्या करोनाच्या सांथींत सातारा व सांगली जिल्ह्यांतील घरोघरीं एक लहानसें यंत्र येऊन पोंचलें. राज्य सरकारच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेंत आरोग्यसेवकांनीं दारोदार जाऊन माणसांच्या बोटास ऑक्सिमीटर लाविलें व रक्तांतील प्राणवायु मोजला. सुई नाहीं, वेदना नाहीं. केवळ उजेडानें झालेली ही परीक्षा खरोखर कौतुकास्पद होय. परंतु आंकडा ९८ आला म्हणजे अंगांत सर्व कांहीं ठीक आहे, ही त्यावरून झालेली समजूत आम्हांस धोक्याची वाटते.

या यंत्राची रीत मुलांनीं समजून घ्यावी. तांबडा व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटांतून जातात. प्राणवायु घेतलेलें व न घेतलेलें हिमोग्लोबिन ते निरनिराळ्या प्रमाणांत शोषून घेतें. नाडीच्या ठोक्यासरशी होणारा फरक मोजून धमनींतील रक्ताची स्थिति जाणण्याची युक्ति जपानांतील ताकुओ आओयागी यांनीं इ. स. १९७४ मध्यें मांडली. म्हणजे यंत्र सांगतें तें प्रमाण. हिमोग्लोबिन मुळांत किती आहे, हें तें सांगत नाहीं. कारखान्यास निघालेल्या उसाच्या गाड्यांपैकीं शेंकडा ९८ भरलेल्या असल्या, तरी गाड्याच निम्म्या असतील तर ऊस निम्माच पोंचणार!

इ. स. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. अशा मातेचें बोट ९८ दाखवील, आणि तरीही पाण्याची घागर उचलतांना तिच्या स्नायूंस प्राणवायु अपुरा पडेल. शरीराच्या पेशींजवळील प्राणवायूचा अंदाज प्रकाशानें घेतां येतो, हें फ्रान्स यॉब्सिस यांनीं इ. स. १९७७ मध्यें दाखविलें. त्यावरून निघालेलीं यंत्रें मोठ्या इस्पितळांत शस्त्रक्रियेच्या वेळीं कपाळावर लावितात. घरच्या यंत्राकडून तें काम व्हावयाचें नाहीं.

म्हणून आमचें पालकांस सांगणें असें कीं, ऑक्सिमीटर घरीं अवश्य ठेवावें. परंतु सदा थकणाऱ्या, जिना चढतां धापा टाकणाऱ्या आईस वा बहिणीस त्यांतील आंकडा दाखवून गप्प करूं नये. तिच्या थकव्यास आळस म्हणणें हा अन्याय आहे. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्यावें व हिमोग्लोबिन तपासून घ्यावें. आणि मुलांनो, कोणताही आंकडा समोर आला, तर तो किती आहे हें पाहण्यापूर्वीं तो कशाचा आहे, हें विचारावयास शिका.