परराज्यांतील घोडे आणि आरोग्याचा दाखला

मार्गशीर्ष महिना आला की तापीकाठच्या सारंगखेड्याकडे आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावकडे घोड्यांनी भरलेल्या गाड्या येऊ लागतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या राज्यांतून ही जनावरे येतात. पुढे पौष पौर्णिमेस जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो व तेथे काठेवाडी गाढवांना चांगली मागणी असते. या बाजारांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. परंतु जनावराबरोबर त्याचा रोगही गाडीतून उतरतो, याचे भान घेणाऱ्यास नसते व विकणाऱ्यासही नसते. गळ्यावर देवमण आहे की नाही, भोवरे शुभ की अशुभ, घोडे पंचकल्याणी आहे की कसे, हे ग्राहक बारकाईने पाहतो. दात पाहून वय ठरवितो, चार पावले चालवूनही घेतो. जनावराच्या नाकपुडीत डोकावून पाहणारा ग्राहक मात्र विरळाच.

घोडा, खेचर व गाढव यांना होणारा ग्लँडर्स हा रोग जंतुजन्य आहे. नाकातून घट्ट, चिकट स्राव येणे, नाकपुडीच्या आतील बाजूस व्रण पडणे, पायांवर किंवा अंगावर गाठी येऊन त्या फुटणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. गाढवे व खेचरे यांस तो तीव्र स्वरूपात होतो व ती बहुधा लवकर दगावतात. घोड्यात मात्र तो पुष्कळदा दीर्घकाळ रेंगाळतो. असा घोडा खातो, पितो, चालतोही. आणि एकाच हौदावर पाणी पिणाऱ्या इतर जनावरांस रोग देत राहतो. या रोगावर लस नाही. रोगी जनावरावर औषधोपचार करण्यास परवानगी नाही. ते वेदनारहित रीतीने नष्ट करावे लागते. शिवाय हा रोग माणसासही होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो. २००६ साली महाराष्ट्रात व उत्तर प्रदेशात ग्लँडर्सने पुन्हा डोके वर काढले. २००८ साली जम्मू भागात सुरू झालेली घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथही बघता बघता अनेक राज्यांत पसरली. रोगास राज्याची सीमा नसते, हाच या दोन्ही प्रसंगांचा धडा होय.

कायदा काय सांगतो?

जनावरांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांनुसार घोडे, खेचरे व गाढवे यांच्या प्रत्येक खेपेबरोबर पशुवैद्यकाचा दाखला असावा लागतो. जनावर प्रवासास योग्य आहे व त्यास कोणताही संसर्गजन्य रोग नाही, असे त्यात नमूद केलेले असते. दाखला नसेल तर वाहतूकदाराने माल नाकारावा, असाही नियम आहे. एका मोटारगाडीत चार ते सहांहून अधिक जनावरे भरू नयेत, दोन जनावरांमध्ये बांबूचा आडोसा असावा आणि गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, हेही त्यात आले. ग्लँडर्ससाठी १८९९ साली केलेला स्वतंत्र कायदा रद्द होऊन आता २००९ चा प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा कायदा लागू आहे. त्यान्वये रोगाचा संशय येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे बंधनकारक आहे.

तेव्हा नियमांची उणीव नाही. दाखल्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. तपासणी नाक्यावर दाखविण्याचा कागद, एवढीच दाखल्याची किंमत राहिली तर त्यापासून कोणाचेच रक्षण होणार नाही. केवळ बाहेरून पाहून दिलेला दाखला छुपा रोग पकडू शकत नाही; त्यासाठी रक्ताची तपासणी आवश्यक आहे. संशयित नमुन्याची अंतिम खात्री हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते व त्यास वेळ लागतो. म्हणून बाजार चार दिवसांवर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पुरेसे दिवस आधी रक्ताचा नमुना द्यावा. दाखल्यावर जनावराचा रंग, उंची, वय, भोवरे व अंगावरील खुणा स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. नाहीतर एका घोड्याचा दाखला दुसऱ्याच्या गळ्यात पडण्यास वेळ लागत नाही.

खर्च व खोळंबा होतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही. परंतु एक रोगी घोडा तबेल्यात शिरल्यास होणाऱ्या हानीपुढे तपासणीचा खर्च काहीच नव्हे. याहून गंभीर अडचण निराळीच आहे. ज्याची सारी कमाई एका गाढवावर चालते, तो वीटभट्टीवरचा मजूर जनावर मारले जाईल या भीतीने रोग लपवितो व रातोरात ते दुसऱ्या गावी विकून मोकळा होतो. नष्ट केलेल्या जनावराची भरपाई देण्याची तरतूद शासनाच्या योजनेत आहे. ती भरपाई विनाविलंब त्याच्या हाती पडली पाहिजे आणि तशी ती मिळते, हे गावोगावी समजले पाहिजे. कायद्याचा धाक एकटा पुरा पडणार नाही. धाकाबरोबर विश्वासही हवा.

ग्रामसेवकांनी काय करावे?

बाजाराच्या हंगामापूर्वी गावातील घोडे, खेचरे व गाढवे यांची यादी करावी व नमुने घेण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवावा. परराज्यातून आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधण्यास मालकास सांगावे. त्याचे पाणी, दाणावैरण, खरारा व सरंजाम वेगळा ठेवावा. नाक वाहणाऱ्या किंवा अंगावर फुटलेल्या गाठी असलेल्या जनावरास उघड्या हाताने शिवू नये आणि दवाखान्यास लगेच कळवावे.

घेणाऱ्यांनीही एक निश्चय करावा. दाखला व रक्त तपासणीचा अहवाल पाहिल्यावाचून सौदा ठरवू नये. ग्राहक हे कागद मागू लागला की व्यापारी ते आपण होऊन घेऊन येईल. मग सीमेवरचा नाका चुकवून आलेल्या घोड्यास बाजारात गिऱ्हाईकच मिळणार नाही.