होळकरांचा निळा हिरा. परत आणायचा तर विकतच

इंदूरच्या होळकर घराण्याकडे एके काळी असलेला २३.२४ कॅरेटचा ‘गोलकोंडा ब्लू’ हा निळा हिरा १४ मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे क्रिस्टीजच्या लिलावात मांडला जाणार होता. त्याला साडेतीन ते पाच कोटी डॉलर, म्हणजे सुमारे ३०० ते ४३० कोटी रुपये, मिळतील असा अंदाज होता. अशा प्रसंगी ‘हिरा परत आणा’ ही मागणी स्वाभाविक असली, तरी त्याचा प्रवास वेगळेच सांगतो.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून तो हातातील दागिन्यात जडवून घेतला. पुत्र यशवंतराव यांच्या काळात मोबूसाँ पेढीने तो कंठ्यात बसविला. बर्नार्ड बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराणींचे चित्र रंगविले, त्यात तो दिसतो. १९४७ मध्ये न्यूयॉर्कचे रत्नव्यापारी हॅरी विन्स्टन यांनी तो खरेदी केला. पुढे तो बडोद्याच्या महाराजांकडे, म्हणजे दुसऱ्या मराठी दरबारात आला आणि पुन्हा परदेशी गेला. कोहिनूर तहात गेला. हा हिरा मात्र मालकाने मोल घेऊन विकला. पुरावस्तू व कलासंपदा कायदा १९७२ चा आहे. त्या आधारे हक्क सांगणे अवघडच.

गोलकोंड्याची ख्याती हिऱ्यांच्या निर्मळ पाण्यासाठी. निळी छटा तेथेही दुर्मीळ. कार्बनच्या रचनेत शिरलेल्या बोरॉनच्या अत्यल्प अणूंमुळे ती येते. ४५.५२ कॅरेटचा ‘होप’ हा याच कुळातला. विन्स्टन यांनीच तो १९५८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिला, म्हणून तो आज कोणालाही पाहता येतो.

भारतातही हे घडले आहे. केंद्र सरकारने १९९५ मध्ये निजामाच्या विश्वस्त निधीकडून १७३ दागिने सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा त्यांतलाच. एरवी रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असणारा हा संग्रह २००१, २००७ आणि २०१९ मध्ये जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात मांडला गेला, तेव्हा मराठी शाळा असलेल्या पहाडगंजातून तो पाहायला जाणे थोड्या मिनिटांचे काम होते. होळकरांच्या एका हिऱ्याचा २०२५ मधील अंदाज त्या सबंध संग्रहाला मोजलेल्या रकमेहून अधिक रुपयांचा होता.