ठोकळ्यांचा किल्ला, मातीचा डोंगर

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रात अंगणाअंगणांतून दगड, विटा, पोती आणि चिखल गोळा होऊ लागतो. किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरले जातात, शिवराय सिंहासनावर विराजमान होतात आणि पायथ्याशी मावळे पहारा देतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनीही ही प्रथा आवडीने जपली आहे. परंतु सदनिकेत अंगण कुठले आणि माती कुठली? जबलपूरला बदली झाल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी सोपी वाट धरली. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा, मध्ययुगीन युरोपीय किल्ल्याचा संच विकत आणला. चिरंजीवांनी सोबतच्या पुस्तिकेतील चित्रे पाहून दोन दिवसांत तो तंतोतंत उभारला आणि तिसऱ्या दिवशी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

दोष ठोकळ्यांचा, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने या ठोकळ्याच्या पेटंटसाठी १९५८ साली अर्ज केला. आठ उंचवट्यांचे केवळ सहा ठोकळे ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात. इतक्या शक्यता मुलाच्या हाती असताना आपण त्याला एकच तयार उत्तर देतो, चूक तेथे होते. बाजारातून रंगवलेला आयता किल्ला आणणारेही हीच चूक करतात. न पाहिलेल्या वास्तूची नक्कल हाताला काम देते, मनाला देत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला. आधी किल्ला पाहिला, मग ठोकळे काढले. किल्ला शोधायला सह्याद्रीत जाण्याची गरज नव्हती. जबलपुरातच टेकडीवर गोंड राजवटीतील मदनमहाल उभा आहे. एका प्रचंड शिळेच्या माथ्यावर चढवलेली ही वास्तू पाहताना मुलाने विचारले, "बाबा, खालचा दगड ठोकळ्यांनी कसा करायचा?" त्या प्रश्नापाशी त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. पावलांनी लांबी मोजली गेली, एका पावलाला किती उंचवटे हे ठरले, खिडक्या वहीत उतरवल्या गेल्या. घरी भिंत रचताना वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर आला की ती दुभंगते, हे त्याला दोनदा पडझड झाल्यावर कळले. जवळच्या संतुलित शिळेने २२ मे १९९७ चा भूकंप कसा सोसला, हे कुतूहलही त्यातूनच जागे झाले. शेवटी शिळा मातीचीच करावी लागली. कुंड्यांतली माती, थोड्या विटा आणि जुने पोते यांचा डोंगर झाला व त्यावर ठोकळ्यांचा महाल चढला. तो किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत कोणी मोडू दिला नाही.

काही स्नेह्यांनी आक्षेप घेतला. दिवाळीचा किल्ला शिवरायांचा असावा, गोंडांचा कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देतो. शिवरायांच्या जन्मापूर्वी याच भूमीत राणी दुर्गावतीने मोगल सेनेशी झुंज देत २४ जून १५६४ रोजी प्राणार्पण केले. पुढे १७८१ साली गढा-मंडला मराठ्यांच्या ताब्यात आले आणि १८१७ पर्यंत येथे मराठी अंमल राहिला. ज्या गावाने आपल्याला अन्न आणि आसरा दिला, त्याचा इतिहास मुलांना परका वाटावा काय? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा किल्ल्यांत रायगड, राजगड यांच्यासोबत तमिळनाडूतील जिंजीही आहे. खुद्द मराठ्यांचा इतिहासच आजच्या राज्यांच्या सीमा मानत नाही.

राजगड मागे पडावा, असे मात्र मी म्हणत नाही. आमच्या घरी यंदा संजीवनी माचीच करायची आहे. तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज चौकोनी ठोकळ्यांतून गोलाकार कसे साधावेत, यावर आतापासूनच खल चालला आहे. युरोपीय किल्ल्याचा खंदक आणि उचलता पूल कशासाठी, आणि आमच्या गडाचे महाद्वार दोन बुरुजांच्या आड का लपवलेले, ही तुलना आता मूल स्वतःच करते. सपाटीवरच्या किल्ल्याला पाणी राखते, आपल्या गडाला कडा राखतो, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. ठोकळे अवश्य आणावेत, पण पुस्तिका काही दिवस कपाटात ठेवावी. सुट्टीचा एक दिवस काढून जवळची गढी, वेस किंवा किल्ला मुलांना दाखवावा, मोजू द्यावा, रचू द्यावा आणि पडूही द्यावा. पडलेली भिंत पुन्हा रचताना मूल जे शिकते, ते कोणत्याही खोक्यात विकत मिळत नाही.