प्रदर्शन उतरल्यावर काय उरते?

संपादक महोदय,


आठ मार्चच्या आसपास कलादालनांत महिला चित्रकारांची समूहप्रदर्शने लागतात आणि तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला जातो: बायकांच्या चित्रांना वेगळी भिंत कशाला? माझ्या मते अशी प्रदर्शने हवीतच. मात्र त्यांचे मोल उद्घाटनाच्या गर्दीवरून ठरू नये, प्रदर्शन उतरल्यावर मागे काय राहिले यावरून ठरावे. सूचिपत्र निघाले का? चित्रांची साले, माध्यमे नोंदली गेली का? एखादे चित्र सार्वजनिक संग्रहाने घेतले का? यांतले काहीच घडले नसेल, तर केवळ बायका आहेत म्हणून वीसजणींची चित्रे एकत्र टांगणे हा सत्कार-समारंभ झाला. त्याने कलेचा इतिहास तसूभरही बदलत नाही.

नोंद राहणे किंवा न राहणे किती निर्णायक असते, हे आपल्याच भूमीतल्या उदाहरणावरून दिसते. वारली लग्नातला देवचौक भिंतीवर लिहायचा मान परंपरेने सुवासिनींचा. पालघाट देवी, तिच्याभोवतीची नक्षी, सारे बायकांच्या हातचे. भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने वारली पाड्यांवर जाऊन ही कला भिंतीवरून कागदावर येण्याला चालना दिली. त्याआधी, साठच्या दशकातल्या दुष्काळात, बिहारमधल्या मिथिलेतही कुलकर्णीच कागद घेऊन गेले होते. तिथे जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी या स्त्रिया नावानिशी पुढे आल्या आणि तिघींनाही पद्मश्री मिळाली. वारलीत मात्र देशापरदेशात गाजलेले पहिले नाव गंजाडच्या जिव्या सोमा माशे यांचे. माशे यांची थोरवी वादातीत आहे. त्यांनी त्या रेषेला विधीबाहेरचे सारे जग दिले. पण ज्या सुवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिला, त्यांतल्या किती जणींची नावे आज आपल्याला सांगता येतील? हात दोन्हीकडे बायकांचेच होते. फरक पडला तो कागदावर कोणाची सही झाली आणि कोणाच्या नावाने चित्र विकले गेले, यामुळे.

हे फक्त आदिवासी किंवा लोककलेपुरते आहे, असे कोणी समजू नये. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोघी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, स्वतःच्या बळावर चित्रे काढणाऱ्या. तरीही त्यांची ओळख आजवर बहुधा चित्रकार रावबहादूर धुरंधरांची कन्या आणि चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांची कन्या अशीच करून दिली जाते. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत एकही स्त्री नव्हती. पुढे या गटाबरोबर चित्रे मांडणाऱ्या कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये आपल्याला ठाऊक आहेत त्या 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया म्हणून. त्यांच्यातल्या चित्रकर्तीची चर्चा व्हायला कितीतरी दशके लागली.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कलेला लिंग नसते, चित्र चांगले की वाईट एवढेच पाहावे. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण चांगले-वाईट ठरायला चित्र आधी डोळ्यांसमोर यावे लागते, आणि नेमकी तीच वाट शतकानुशतके अडवलेली होती. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ मधल्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. त्यानंतर पूर्ण सदस्यत्व मिळालेली पुढची स्त्री म्हणजे लॉरा नाइट, आणि साल १९३६. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत इंग्लंडात चांगली चित्रे काढणारी एकही बाई नव्हती, असे म्हणायला कोण धजावेल? युरोपातल्या बहुतेक कलाशाळांत मुलींना नग्न मॉडेलवरून अभ्यास करू दिला जात नव्हता, आणि तो अभ्यास नसेल तर त्या काळी प्रतिष्ठेची मानली जाणारी मोठी पौराणिक चित्रे हाती घेणेच अवघड. ही दारे कशी बंद होती, हे कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ च्या निबंधात दाखवले. पाचच वर्षांनी अ‍ॅन सदरलँड हॅरिस यांच्यासोबत लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी १५५० ते १९५० या काळातल्या स्त्री-चित्रकारांचे प्रदर्शन भरवले. त्याचे सूचिपत्र आजही अभ्यासले जाते. मी म्हणतो ते 'मागे उरणे' हेच.

दुसरा आक्षेप बाजाराचा. अमृता शेरगिल यांच्या एका चित्राला २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटी रुपये मिळाले, मग उपेक्षा कसली, असे विचारले जाते. परंतु शेरगिल अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या, त्यांची चित्रे मोजकी, आणि १९७६ पासून ती राष्ट्रीय ठेवा असल्याने देशाबाहेर नेता येत नाहीत. अशा दुर्मीळ चित्राच्या किमतीवरून बाकीच्या जणींची स्थिती कळत नाही. १९३७ मध्ये जन्मलेल्या अर्पिता सिंग यांचे भारताबाहेरच्या कलासंस्थेतले पहिले एकल प्रदर्शन लंडनच्या सर्पेंटाइनमध्ये भरले ते २०२५ मध्ये. याच अर्पिता सिंग १९८७ ते १९८९ दरम्यान नलिनी मलानी, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासह 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन घेऊन शहराशहरांत गेल्या होत्या. चौघीच होत्या, आणि एकमेकींची निवड त्यांनी स्वतः केली होती. म्हणूनच आजही त्या प्रदर्शनाचा उल्लेख आधुनिक भारतीय कलेच्या चर्चेत येतो.

तेव्हा आयोजकांना विनंती, की पुढच्या मार्चमध्ये वीसऐवजी तिघी-चौघीच घ्या, पण प्रत्येकीचे दहा-बारा वर्षांचे काम दाखवा आणि सूचिपत्र मराठीत काढा. शासकीय संग्रहांनी त्यांच्याकडच्या स्त्री-चित्रकारांच्या कलाकृतींची यादी जाहीर करावी. आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. दीपप्रज्वलनाच्या छायाचित्राची जागा एका चित्राला द्या, खाली चित्रकर्तीचे नाव, चित्राचे साल आणि माध्यम छापा, आणि त्या चित्रावर कोणा जाणत्याकडून चारशे शब्द लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक