यंत्र बसलें, प्रश्न मिटला!

“आतां तरी ऐकूं येतें ना?” गेल्या वर्षभरांत हा प्रश्न आम्हांस मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंत इतक्या सज्जनांनीं विचारला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां छापूनच टाकावें असें आमच्या मनानें घेतलें. विचारणाराचा हेतु वाईट नसतो. पण तो प्रश्न कानाशीं तोंड नेऊन ओरडतो, आणि आम्ही ‘येतें’ म्हणतांच पुढचें वाक्य पाठमोरा होऊन बोलतो. त्याच्या लेखीं बहिरेपण हा दांतासारखा प्रकार; किडका काढला, नवा बसविला, संपलें. ह्या समजुतीशीं आमचें भांडण आहे. आणि तें आमच्यापुरतेंच असतें तर मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं.

आमच्या कानांत बसविलें तें कॉक्लिअर इम्प्लांट. (ह्यास ‘शंखरोपण’ म्हणावें असें आम्हीं सुचवितांच घरच्या मंडळींनीं देवघराकडे पाहिलें.) नेहमींचें श्रवणयंत्र आवाज मोठा करतें, हें तसें करीत नाहीं. अंतःकर्णांतील शंखाकृति नळींत बारीक तार सरकविलेली असते, ती थेट मज्जातंतूसच चेतविते. कानामागील यंत्र आवाज टिपतें, आणि कातडीवर लोहचुंबकानें चिकटलेली चकती तो आंत पोंचविते. १९५७ सालीं पॅरिस येथें जूर्नो व एरिएस ह्यांनीं ह्या मार्गाचा प्रयोग केला. १९७८ सालीं मेलबर्न येथें ग्रॅम क्लार्क ह्यांनीं अनेक विद्युदग्रांचें यंत्र माणसाच्या कानांत बसविलें. आणि आपल्याकडे हें काम रुजविणारांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. ह्या सर्वांपुढें आम्ही नम्र आहों. तथापि निसर्गानें जेथें सुमारें १५,००० केशपेशी ठेविल्या, तेथें ह्या तारेवर बहुधा १२ ते २२ विद्युदग्रें असतात. बाकीचें काम मेंदूनें करावयाचें, आणि मेंदूस तें शिकवावें लागतें.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनीं यंत्र प्रथम चालू केलें. समोर सौ. बसल्या होत्या. पत्र्याच्या डब्यांत खडे हलवावे तसा कांहींसा आवाज झाला; त्या बोलत आहेत हें ओंठांवरून कळलें, आणि रडत आहेत हें डोळ्यांवरून. पुढें सहा महिने रोज सायंकाळीं त्या तोंडापुढें वही धरून शब्द वाचीत: पाट, पाठ, ताट, थाट, डाळ, ढाल. तीस वर्षें पोरांना इंग्रजी उच्चार शिकविणारे आम्ही ‘डाळ’ व ‘ढाल’ ह्यांत पुनःपुन्हा नापास झालों. आज चारचौघांत संभाषण चालतें, गोंगाटांत बिघडतें. गाणें मात्र गेलें. अल्लादियाखांसाहेब ज्या गांवीं राहिले, १८८३ पासून देवल क्लब ज्या गांवीं आहे, त्या गांवीं राहून तानपुरा पिठाच्या गिरणीसारखा ऐकावा, हें दुःख कोणास सांगितलें कीं उत्तर येतें: “पण यंत्र तर बसलें ना?”

आमच्यापाशीं निदान पन्नास वर्षांच्या ऐकलेल्या भाषेची पुंजी होती. जन्मतः बहिऱ्या पोरापाशीं ती नसते. त्यास आवाज मिळतो, अर्थ मिळत नाहीं. तो कित्येक वर्षांच्या शिकवणीनें मिळवावा लागतो. २०१४ सालीं केंद्र सरकारनें आपल्या योजनेंत अशा मुलांच्या दर यंत्रामागें ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें, हें उत्तम झालें. कागदावर शिकवणीचीहि तरतूद असते. पण भुदरगडाकडील आईनें रोजगार बुडवून, पोर कडेवर घेऊन, एस.टी.नें कोल्हापूर किती वेळां गांठावें? तारेचा तुकडा तुटला, बॅटरी बसली, मुदत सरली, तर पैसे कोणीं द्यावे? यंत्र कपाटांत गेलें कीं पोर पुन्हा ठार बहिरें. कारण शस्त्रक्रियेंत उरलेंसुरलें नैसर्गिक ऐकणेंहि पुष्कळदां जातें. वर्तमानपत्रांत मात्र यंत्र चालू केल्या दिवसाचें छायाचित्र येतें. पांच वर्षांनंतरचें छायाचित्र आम्हीं अद्याप पाहिलें नाहीं.

आणखी एक शहाणपण ऐकूं येतें: अशा मुलास खुणा शिकवूं नका, आळशी होईल. सांकेतिक भाषा ही भाषा आहे. २०१५ सालीं दिल्लींत तिच्यासाठीं सरकारी केंद्र निघालें. कानाचा रस्ता तयार होईपर्यंत हाताचा रस्ताहि बंद करून पोरास मुकें ठेवणें, ह्यास शिक्षण म्हणणें आम्हांस जमत नाहीं.

मध्यंतरीं एका मंडळानें यंत्र बसविलेल्या मुलांचा सत्कार ठेविला आणि आम्हांस पाहुणे म्हणून नेलें. मंडपाच्या दोन्ही बाजूंस डॉल्बीच्या भिंती उभ्या होत्या. दात्यांचीं नांवें सुरूं झालीं तेव्हां आम्हीं चकती काढून खिशांत टाकली. समोरच्या रांगेंत चारएक वर्षांची एक मुलगी तेंच करीत होती. ती काढी, आई लावी. ती पुन्हा काढी. व्यासपीठावरून कोणीतरी आईला हातानें खुणावलें कीं, छायाचित्र होईपर्यंत तरी राहूं द्या.